‘प्रौढ मनोरंजन’ऐवजी असे वाचावे

दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका मंगळवारी दुपारी आमच्या गावच्या नगरपंचायतीच्या शिपायाने प्रौढ मनोरंजन मंडळाच्या दारावर नोटीस चिकटवली. शाळा, प्रार्थनास्थळ आणि निवासी वस्ती यांच्यापासून ठरवून दिलेल्या अंतराच्या आत ‘प्रौढ मनोरंजन व्यवसाय’ चालवल्याबद्दल ती होती. व्यवसाय बंद का करण्यात येऊ नये, याचा खुलासा मागितला होता.

मंडळाच्या एका बाजूला जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन्हींमधली भिंत एकच आहे. दुसऱ्या बाजूला बुद्धविहार आहे. रस्ता ओलांडला की हनुमानाचं देऊळ, आणि मागे घरं. नियमात जेवढी अंतरं दिली होती तेवढी सगळी मंडळाने मोडली होती.

मंडळ म्हणजे एक खोली. तिच्यात एक कॅरम बोर्ड, एक पेटी, बसायला दोन बाजा, भिंतीला टेकून ठेवलेल्या सतरंज्या आणि पाण्याचा माठ आहे. पेटीची एक पट्टी वाजत नाही. भजन म्हणणारे ती पट्टी आली की आवाज चढवतात. दुपारी उन्हं कलली की लोक येऊ लागतात. निवृत्त शिक्षक, शेती मुलांकडे सोपवलेले कुणबी, तेली, विहाराच्या वस्तीतले जुने जिनिंग कामगार, आणि त्यांच्या बरोबरीने बायका. बायका खिडकीकडच्या अर्ध्या भागात बसतात, वाती वळतात, तांदूळ निवडतात, भजन म्हणतात. चहा पाळीने येतो. दिवेलागणीला कुलूप लागतं.

या खोलीत फार पूर्वी प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरत असे. योजना संपली, अनुदान थांबलं, पण यायची सवय लागलेले लोक येत राहिले. सरकारी वर्ग नसताना वर्गाची पाटी ठेवता येणार नाही, असं वर्गाच्या शेवटच्या गुरुजींनी सांगितलं. तेही मंडळात येत राहिले. म्हणून पाटीवरचे ‘शिक्षण वर्ग’ हे शब्द पुसून तिथे ‘मनोरंजन मंडळ’ असं रंगवलं गेलं. पहिला शब्द तसाच राहिला. आजही पाटीकडे पाहिलं तर ‘प्रौढ’ एका हाताने लिहिलेला आणि पुढचे शब्द दुसऱ्या हाताने लिहिलेले दिसतात.

माझे वडील या मंडळाचे सभासद आहेत. ते बाजार समितीत मापारी होते. शेतमालाचं माप करायचं आणि ते माप सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. माप मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. वडिलांना ही सवय इतकी लागली होती की घरात पोळ्या मोजतानाही पहिली पोळी ‘लाभ’ असे. आई हसायची.

आई गेल्यावर वडिलांचं बोलणं कमी झालं. मी तेव्हा नागपूरला एका दैनिकात डेस्कवर होते. नोकरी न सोडता जिल्ह्याची वार्ताहर म्हणून गावी येण्याची मुभा मला मिळाली आणि मी घरी राहायला आले. घरात दोन माणसं होती आणि एकाचाच आवाज ऐकू यायचा. विचारलं तर उत्तर मिळायचं. न विचारता ते काही बोलत नसत.

एके दिवशी मंडळाचे सचिव घरी आले. ते शिंपी आहेत. दुकान मुलाने सांभाळायला घेतलं, पण मापाची फीत अजूनही त्यांच्या गळ्यात असते. ते अंगणातूनच म्हणाले,

“मापारी, कामाले चाला.”

“कायच्या कामाले?”

“पेपर वाचाले. गुरुजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याहिले वाचता येऊन नाई राह्यलं. बाकीच्याहिले वाचता येते पण त्याहिचा आवाज बायकांपर्यंत जात नाई. तुमचा आवाज तं मार्केटातून एसटी स्टँडवर जाये.”

“आता नाई जात.”

“चालून पाहा न. नाई गेला तं वापस या.”

वडील गेले, आणि परत आले ते कुलूप लागल्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या दिवसापासून मंडळात रोजचा पेपर गुरुजींऐवजी ते मोठ्याने वाचू लागले. पहिलं पान उघडताना ते ‘लाभ’ म्हणत, मग दुसरं पान, तिसरं पान. निधनवार्ता बायकांच्या आग्रहाने आधी वाचायच्या, बाजारभाव पुरुषांच्या आग्रहाने दोनदा, आणि राशिभविष्य कुणीच मागत नसलं तरी सगळं. माझी बातमी आली की तिच्यावर घरी येऊन अभिप्राय द्यायचे. “तिसऱ्या ओळीत दम लागते. वाक्य तोडत जाजो, बाई.” मी तोडू लागले. आजही माझी वाक्यं लहान असतात, त्याचं श्रेय त्यांचं आहे.

घरी बोलणं परत आलं, ते या वाचनामुळे आलं. हे माझं अनुमान नाही. त्यांनी स्वतः तसं सांगितलं आहे.

नोटीस लागली त्या मंगळवारी मी तिथे नव्हते. पुढे जे देत आहे ते तिथे असलेल्या तिघांनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि तिघांचं जुळलं तेवढंच घेतलं आहे.

दार उघडायला सचिव आले तेव्हा कागद चिकटवलेला होता. नगरपंचायतीचा कागद म्हणजे पाणीपट्टीचा असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो अलगद सोडवून वडिलांच्या हातात दिला. छापलेलं काहीही आलं की वडिलांनी वाचायचं, ही रीत पडली होती. खोली भरली होती. बायका आल्या होत्या. वडिलांनी चष्मा लावला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. विषय वाचला, संदर्भ वाचला. पहिल्या कलमाला सवयीने ‘लाभ’ म्हणाले. अंतरं वाचली. मग व्याख्या आली.

“‘प्रौढ मनोरंजन व्यवसाय’ म्हणजे असा व्यवसाय, ज्यामध्ये ग्राहकांसमोर अंगप्रदर्शन...”

इथे ते थांबले. शेजारच्या शाळेत पाढे चालू होते ते ऐकू येत होते, असं तिघांपैकी दोघांनी सांगितलं. वडिलांनी कागदाची घडी केली, सचिवांकडे दिली, वहाणा घातल्या आणि ते घरी आले.

मला त्यांनी एवढंच सांगितलं, “बायामाणसात तोंडातून गेलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरीच बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सचिव बोलवायला आले तेव्हा वडील बाजेवरून उठले नाहीत. पेपर घरी येत होता, तो घडी न मोडता टेबलावर पडून राहायचा. मी विचारलं की उत्तर यायचं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत जसं होतं तसं ते होतं, आणि ते परत तसंच राहील, याची मला भीती होती.

नियम कसा आला, हे शोधायला वेळ लागला नाही. गावाबाहेर हमरस्त्यावर एक लॉज आहे. जिल्ह्यात दारूबंदी असल्याने तिथे बार नाही. पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ असं लिहिलेलं आहे. मागच्या हंगामात तिथे तिकीट लावून नाचाचे कार्यक्रम सुरू झाले. आजूबाजूच्या लोकांनी तक्रार केली. नगरपंचायतीच्या सभेत विषय निघाला आणि असे धंदे कुठे चालावेत, कुठे नाही, याचे नियम करावेत असं ठरलं. नियम करण्याचं काम आस्थापनेच्या लिपिकाकडे आलं. त्याने दूरच्या एका मोठ्या शहराचे इंग्रजी नियम मिळवले. त्यात ‘अॅडल्ट एंटरटेनमेंट’ असे शब्द होते. मोबाईलने त्यांचं ‘प्रौढ मनोरंजन’ केलं. मसुदा फलकावर लागला, हरकती मागवल्या गेल्या, एकही आली नाही. नियम मंजूर झाला.

मग असे व्यवसाय शोधून नोटिसा देण्याचा आदेश निघाला. मालमत्ता कराच्या नोंदींत ते शब्द शोधण्यात आले. लॉजची नोंद ‘निवास व भोजन’ अशी होती. संपूर्ण गावात ‘प्रौढ मनोरंजन’ या नावाची जागा एकच निघाली. सचिवांनी खुलाशाचा अर्ज दिला, तेव्हा मुख्याधिकारी मॅडमनी सुनावणी ठेवली.

नागपूरच्या आमच्या डेस्कप्रमुखांना मी फोनवर हे सांगितलं आणि माझे वडील सभासद असल्याचंही सांगितलं. ते आधी हसले. मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

“तुझे वडील आहेत म्हणजे तू लिहायचं नाहीस,” ते म्हणाले.

“म्हणूनच फोन केला.”

“दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तो काय लिहील, ते मला माहीत आहे. मीही तेच शीर्षक देईन, मला मोह आवरणार नाही. सुनावणी होऊ दे. निकाल लागला की निकाल छापू. चालेल?”

“चालेल.”

“बाबांना नमस्कार सांग.”

आमच्या पेपरात बातमी आली नाही. दुसऱ्या एका पेपरात आली. शीर्षक होतं, ‘आजी-आजोबांचा अॅडल्ट अड्डा’. मजकुरात चूक नव्हती. नोटीस कशी चुकून गेली, हे त्यात बरोबर दिलं होतं. पण मोबाईलवर फिरला तो शीर्षकाचा फोटो. त्या आठवड्यात खिडकीकडची अर्धी खोली रिकामी झाली. एकीचा जावई वर्ध्याला नोकरीला आहे, त्याने फोन करून सासूला जाऊ नका म्हणून सांगितलं. एकीच्या मुलाने नुसतं विचारलं, “माय, तिथं काय वाचलं मापाऱ्यानं?” आणि तिला सांगता आलं नाही. तिने जाणं बंद केलं. सचिव आणि चार-पाच पुरुष कॅरम खेळत राहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मंडळातल्या सगळ्यांत वयस्क बाई आमच्या घरी आल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. विहाराच्या वस्तीत त्यांचं घर आहे. तरुणपणी त्या जिनिंगमध्ये सरकी वेचण्याच्या कामावर होत्या, आणि ज्या वर्गातून मंडळ निघालं त्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. काठी दाराशी टेकवून त्या वडिलांसमोर बसल्या. मी चहा ठेवायला आत गेले. दार उघडं होतं.

“मापारी भाऊ, काऊन येऊन नाई राह्यले?”

“तब्येत बरी नाई.”

“तब्येतीले काय झालं? दिसता तं धडधाकट.”

वडिलांनी टेबलावरचा पेपर उगाच सरळ केला.

“लाज वाटते का?”

“वाटणारच न मावशी. तुमच्याहिच्या समोर असं...”

“आमच्याहिच्या समोर. मी तीन लेकरं जन्माले घातली, भाऊ. मले आंग माहीत नाई का?”

आतून मला वडिलांचं हसणं ऐकू आलं. लहानसं, पण हसणं.

“लाज त्या शब्दाची नाई,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही अर्ध्यात सोडलं, त्याची पंचाईत झाली. आता जो तो मनानं पुढचं वाचून राह्यला. तिचा पोरगा इचारते, काय लिहिलं होतं? तिले काय माहीत? तिले वाटते त्या शब्दाच्या समोर अजून काय-काय घाण असन. काय होतं समोर?”

“मी बी नाई वाचलं.”

“मंग? तुमालेच माहीत नाई! उद्या या. तिथं मॅडमपुढं पुरं वाचा. आमाले ऐकायचं हाय.”

“मी नाई येत.”

“येजो,” मावशी एकेरीवर येऊन म्हणाल्या. त्यांच्या वयाला तो अधिकार आहे. चहा घेऊन त्या गेल्या.

रात्री जेवताना वडिलांनी मला विचारलं, सुनावणी किती वाजता आहे. मी सांगितलं. सकाळी धुतलेला सदरा घालून ते तयार होते.

सुनावणी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात झाली. मुख्याधिकारी तरुण आहेत, पहिलीच नेमणूक, बोली पश्चिमेकडची. मंडळाचे दहा-बारा जण आले होते. त्यांत बायका मावशींसह तीन. ज्यांच्या मुलाने प्रश्न विचारला होता त्या बाई आल्या होत्या आणि मुलगाही बरोबर होता. खुर्च्या कमी पडल्या. लिपिकाने बाहेरून बाक आणून दिला. मी बाकाच्या टोकाला बसले. वही पर्समध्येच होती.

“तुमचं म्हणणं सांगा,” मुख्याधिकारी म्हणाल्या.

सचिव उभे राहिले. त्यांनी मापाची फीत काढून खिशात ठेवली. “मॅडम, आमच्याकडं कॅरम हाय, पेटी हाय. अंगप्रदर्शन म्हणाल तं उन्हाळ्यात गुरुजी बनियनवर बसते, तेवढंच.”

दालनात हशा झाला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची हिरवी पट्टी लावलेले गुरुजीही हसले. मुख्याधिकारीही हसल्या, मग लिपिकाकडे वळल्या. “हे कसं झालं?”

“मॅडम, मी मोबाईलवर टाकलं तं तेच आलं,” लिपिक म्हणाला. “‘अॅडल्ट’ले मराठीत प्रौढच म्हणते न?”

“म्हणतात. शब्द चूक नाही.”

“शब्द चूक नाई,” सचिव म्हणाले, “तं मंग आम्ही चूक हाओ का?”

“तसं नाही, काका. नोटीस मागे घेऊ. तो प्रश्नच नाही.” त्या थांबल्या. “पण नियम तसाच राहिला तर पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरं कुणी येईल आणि तपासणीत तुमचं नाव परत निघेल. सोपा मार्ग सांगते. नाव बदलून घ्या. ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ करा. अर्ज द्या, आजच मंजूर करते.”

सचिवांनी बाकीच्यांकडे पाहिलं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तो सोपा मार्ग होता, आणि तो चांगल्या मनाने सुचवलेला होता, हे सगळ्यांना कळत होतं.

“पयले ते वाचू द्या,” मावशी बाकावरून म्हणाल्या.

“काय वाचायचं, आजी?”

“नोटीस. आमचा वाचणारा अर्ध्यात थांबला होता. तेव्हापासून गाव वाचून राह्यलं. पुरं होऊ द्या.”

मुख्याधिकाऱ्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. सचिवांनी खाली वाकून त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी फाइलमधली प्रत काढली आणि हात लांब केला. कुणाच्या हातात द्यायची, हे त्यांना माहीत नव्हतं. प्रत एका हातातून दुसऱ्या हातात जात वडिलांपर्यंत आली.

वडील उठले. चष्मा लावला. पहिल्या वाक्याला आवाज लहान होता. गुरुजी मागून म्हणाले, “मापारी, बाकापर्यंत नाई येऊन राह्यलं.” वडिलांनी आवाज वाढवला. पहिल्या कलमाला ते ‘एक’ म्हणाले. व्याख्या आली. शब्द आला. त्यांनी तो बाकीच्या शब्दांसारखाच वाचला, ना हळू ना जोरात, आणि पुढे गेले. पुढे होतं ते असं: परवाना नसल्यास दंड, खुलाशाची मुदत, मुदतीत खुलासा न आल्यास जागा मोहोरबंद करण्यात येईल, प्रत माहितीसाठी. खाली सही.

“झालं?” मावशींनी विचारलं.

“झालं.”

“बस, एवढंच?” त्यांनी मागे वळून त्या बाईंच्या मुलाकडे पाहिलं. “ऐकलं का रे बापू? एवढंच होतं.”

तो मुलगा चाळिशीचा आहे. त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती.

“आता नावाचं,” मावशी मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्या. “ते नाई बदलवत.”

“का, आजी? ज्येष्ठ म्हणजे मानाचं नाव आहे.”

“मले लिहिता येत नाई ते. त्यात अर्धा ज, मंग य, मंग थ का ठ. मी प्रौढ लिहाले शिकली. पाटीवर तोच शब्द होता, रोज पाहून पाहून लिवला. माह्या नावाच्या आधी मले तो लिहिता आला. ढ काही केल्या यायचा नाई. तं मास्तर म्हणत, बाई, प्रौढात ढ एकदाच, अन् तोई शेवटी. तो लिवला का तुमी ढ नाई राह्यल्या.”

मुख्याधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. लिपिक हसायला लागला, मग दुसरे हसायला लागले. गुरुजी म्हणाले की तो विनोद त्यांच्या आधीच्या मास्तरांचा, त्यांचा स्वतःचा नव्हे. हे नोंदवून घ्यावं.

“मग तुमचं नाव राहू द्या,” मुख्याधिकारी म्हणाल्या. “आमचा शब्द बदलतो. पुढच्या सभेत शुद्धिपत्रक ठेवते.” त्या लिपिकाला म्हणाल्या, “मोबाईल नको. तुम्ही स्वतः सांगा, त्या लॉजवर जे चालतं त्याला तुम्ही काय म्हणाल?”

लिपिकाने थोडा विचार करून जो शब्द सांगितला तो कागदावर घेता येण्यासारखा नव्हता. त्यावरून पुन्हा हशा झाला. मग दोन-तीन पर्याय खोडून एक मजकूर ठरला. वडिलांनी तो ऐकून एकदा म्हणून पाहिला आणि “वाचता येते,” असं सांगितलं.

निघताना लिपिक दारापर्यंत आला. त्याने वडिलांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “काका, नोटीस मीच टाइप केली होती.” वडील म्हणाले, “टायपिंग चांगलं होतं. एक बी चूक नाई.” त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. लिपिकालाही तसं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात तो स्वतः ओलं फडकं घेऊन आला आणि मंडळाच्या दारावर राहिलेला खळीचा डाग पुसून गेला.

नगरपंचायतीच्या पुढच्या सभेत ठराव झाला. शुद्धिपत्रकाचा मजकूर मी पाहिला आहे. ‘सदर उपविधींमध्ये जेथे जेथे “प्रौढ मनोरंजन” असे शब्द आले आहेत, तेथे तेथे त्याऐवजी “तिकीट लावून होणारे अंगप्रदर्शनाचे कार्यक्रम” असे वाचावे.’ नव्या शब्दांप्रमाणे लॉजला नोटीस गेली. मालकाने कार्यक्रम बंद केल्याचं लेखी दिलं. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ची पाटी आहे तशी आहे.

आमच्या पेपरात निकालाची बातमी आली. एक कॉलम, आतल्या पानावर. डेस्कप्रमुखांनी स्वतः लिहिली होती. शीर्षक होतं, ‘नियमातील शब्द बदलला, मंडळाचे नाव कायम’. मी त्यांना फोन करून आभार मानले. ते म्हणाले, “दुसरं शीर्षक सुचलं होतं. दिलं नाही.”

बातमी आली त्या दिवशी मला दुपारी काम नव्हतं. मी पहिल्यांदाच मंडळात गेले. खिडकीकडच्या भागात बायका बसल्या होत्या. सगळ्या नव्हत्या. वर्ध्याला जावई असलेल्या बाई अजून आल्या नव्हत्या. त्या नंतरच्या महिन्यात येऊ लागल्या. मावशींनी मला आपल्या शेजारी जागा करून दिली आणि वाती वळायला कापूस दिला. माझी वात पाहून त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

चहा झाला. सचिवांनी कॅरमच्या सोंगट्या डब्यात भरल्या. शाळा सुटली होती, पलीकडे आवाज नव्हता. नगरपंचायतीचं शुद्धिपत्रक आणि त्या दिवसाचा पेपर, दोन्ही वडिलांच्या मांडीवर होते.

“आधी कोणतं?” वडिलांनी विचारलं.

“निधन,” बायका म्हणाल्या.

“भाव,” पुरुष म्हणाले.

“आधी ते घ्या, असे वाचावे लिवलं ते,” मावशी म्हणाल्या.

वडिलांनी शुद्धिपत्रक उघडलं, चष्मा लावला आणि म्हणाले, “लाभ.”